बारवेवरची पाटी

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहितो आहे, क्षमा असावी. कोणीही भर घालू शकेल अशा एका संकेतस्थळावरील ज्ञानकोशात मी आमच्या गावच्या बारवेविषयी लिहिले होते, की ती एका सरदाराने बांधली. ते केवळ ऐकीव होते. परवा बारवेवर नवी दगडी पाटी दिसली; तिच्यावर माझेच वाक्य कोरलेले. पाथरवट आळीतल्या वृद्ध गंगूबाई म्हणाल्या, “मास्तर, आम्ही ऐकत आलो, आमच्याच माणसांनी खणली. पण दगडात कोरलंय, म्हंजी आमचंच चुकलं असंल.” खाली पाणी काळे, निःशब्द होते. घरी येऊन मी ज्ञानकोशातले ते वाक्य खोडले. सकाळी ते परत आले होते. पुरावा म्हणून कोणी त्याच पाटीचे छायाचित्र जोडले होते. वाचकहो, गंगूबाईंना मी आता काय सांगू?