तांदळात लिहिलेलं नाव

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी सकाळी, मूल दत्तक घेण्यासाठी आम्ही सरकारी पोर्टलवर भरलेला अर्ज परत आला. कारण एका ओळीत होतं: पत्नीचं पासपोर्टवरचं आणि विवाह प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही.

आमच्या लग्नात आईने सुनेचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने ते लिहिलं, पेढे वाटले गेले. पुढे विवाह नोंदणीचा फॉर्म माझ्या मामांनी भरला आणि त्यात तेच नाव घातलं. बाकी सगळीकडे पत्नीचं माहेरचंच नाव राहिलं. कतारला ती स्वतःच्या नोकरीच्या व्हिसावर आली, अल दुहैलच्या शाळेत शिकवायला. त्यामुळे बारा वर्षांत ते प्रमाणपत्र कुणी मागितलंच नव्हतं.

हाताशी वेळ कमी होता. अर्जाची नोंदणी होते त्या दिवशी नवराबायकोच्या वयांची बेरीज बघतात. सप्टेंबरात तिचा वाढदिवस झाला की आमची बेरीज मर्यादेबाहेर जाणार होती आणि दोन वर्षांखालचं मूल मिळणार नव्हतं.

प्रमाणपत्रावरचं नाव दुरुस्त करायला गावाकडच्या विवाह नोंदणी कार्यालयाने प्रतिज्ञापत्र मागितलं. ते पाठवलं, तर त्यावर दूतावासाचा शिक्का हवा होता. शिक्का आणला, तर मूळ नोंदीची प्रत हवी होती. ती प्रत त्यांच्याच कपाटात होती. यात जून संपला.

जुलैमध्ये इथल्या हमद बंदरावर काम करणाऱ्या रत्नागिरीच्या एका मित्राने पुण्यातल्या खासगी एजन्सीचा नंबर दिला. फोन स्पीकरवर होता.

"ताई, पोर्टलच्या रांगेत म्हातारे व्हाल," तिथल्या बाई पत्नीला म्हणाल्या. "आमच्याकडची एक मुलगी पुढच्या महिन्यात बाळंत होतेय. तुम्ही फक्त लिहून द्यायचं, गेली दोन वर्षं पुण्यात राहतो म्हणून."

"आम्ही दोह्यात राहतो."

"मला माहितीये हो. कागदाला कुठे माहितीये?"

फोन ठेवल्यावर पत्नी म्हणाली, "सरकारला मी मीच आहे हे पटत नाही. आणि यांना आपण इथे नाही असं लिहून हवंय." थोड्या वेळाने म्हणाली, "पण पुढच्या महिन्यात म्हणाल्या."

एजन्सीचा फॉर्म दोह्याला लागून असलेल्या अल रय्यानच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर दोन दिवस पडून होता. नावं भरली होती, पत्त्याचा रकाना कोरा होता. तिसऱ्या दिवशी तिने तो फाडला. "उद्या कुणी हा कागद उकरून काढला तर मूल परत नेतील," ती म्हणाली. "तेव्हा त्या बाई फोन उचलणार आहेत का?"

नोंदणी कार्यालयाला मी पुन्हा फोन केला. आता त्यांनी सांगितलं, लग्नाला हजर असलेल्या नातेवाइकाने समक्ष येऊन दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं लिहून द्यावं. मी आईला कळवलं.

"त्यापेक्षा पासपोर्टावरच बदला की. एवढं छान नाव ठेवलंय."

"त्या नावाने तिला हाक कोण मारतं, आई?"

"मी मारते."

"आणि ती ओ देते?"

"नाही देत," आई म्हणाली. "कुठे सही करायची ते सांग."

साताऱ्याच्या त्या कार्यालयात आईला तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या दिवशी साहेब रजेवर होते, दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद होता. तिसऱ्या दिवशी ती लग्नाचा अल्बम घेऊन गेली. त्यातल्या एका फोटोत ताटातलं नाव वाचता येत होतं. कारकुनाने फोटोची झेरॉक्स मागितली. आईने ती काढून दिली आणि सही केली.

दुरुस्त प्रमाणपत्र ऑगस्टच्या मध्यावर दोह्यात पोचलं. आम्ही अर्ज पुन्हा भरला.

नोंदणी क्रमांक एका गुरुवारी दुपारी आला. पत्नीच्या वाढदिवसाला अकरा दिवस बाकी होते.