सात जणींचा एकच आकडा

सोमवारी स्क्रीनवर सात नावं होती आणि सातही नावांपुढे एकच आकडा. एकशे बारा. मंगळवारी एकशे आठ, तोही सगळ्यांचा. माणसं असं मापात काम करत नाहीत.

आमची कंपनी ऑनलाइन चादरी विकते. गोडाऊन बोईसरला, सालवडच्या बाजूला. डेटा मी बघते, टीमही माझ्याकडेच. ऑर्डर आली की बाया तिची चिठ्ठी मोबाईलवर स्कॅन करतात, रॅकवरून पाकीट काढतात आणि पॅक करतात. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं, त्यामुळे कोणी किती पाकिटं काढली ते डॅशबोर्डवर दिसतं. हा डॅशबोर्ड माझा. ‘सलग तीन दिवस शेवटचा नंबर आला तर काम बंद’ हा नियमही माझाच. त्या नियमात महिन्यापूर्वी सुनीताचं काम गेलं. विक्रमगडकडची, अबोल, सगळ्यांत हळू.

ती गेली आणि वेग वाढला. रिटर्नही वाढले, म्हणजे गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल. डबल मागवलेल्याला किंग साइज, किंग मागवलेल्याला डबल.

कंपनीच्या मालकांचा, म्हणजे सरांचा फोन आला. “चुका कोण करतंय?”

“कळत नाहीये सर. सगळ्यांचे आकडे सारखेच आहेत.”

“म्हणजे बनावट आहेत. ती टीम लीडर मंदा ना? शनिवारी काढून टाक तिला.”

मंदाताई शिरगावच्या. गोडाऊन सुरू झालं तेव्हापासून इथे. शनिवारला चार दिवस होते. मी थेट त्यांनाच विचारलं.

त्यांनी काहीच लपवलं नाही. “जी मागं पडंल तिच्या लॉगिनवर आमी आमची पाकिटं टाकतो, मॅडम. सुनीताचं झालं तसं परत कोनाचं नको.”

“अहो, पण ही फसवणूक झाली!”

“भाताच्या आवणीला एकीचं शेत झालं का सगळ्या दुसरीच्या शेतात उतरतात. कोनी किती रोपं लावली, मोजतं का कोन? पाकिटं सगळी गेली ना?”

गेली होती. एकही ऑर्डर मागे राहिली नव्हती. मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. पण लाज वाटून रिटर्न थांबत नाहीत.

रात्रभर तेच डोक्यात. नावांचा कॉलम आता कुचकामी होता, म्हणून सकाळी तो काढून टाकला आणि रिटर्न रॅकप्रमाणे लावून पाहिले. जवळजवळ सगळे एकाच रॅकवरचे. रॅक सात.

पाच चिठ्ठ्या घेऊन मी स्वतः तिथे गेले. वर किंग, खाली डबल, पाकिटं जुळ्या बहिणींसारखी. पाच पाकिटं काढली. मंदाताईंनी ती उलटून पाहिली.

“दोन चुकली, मॅडम.” हसू काही त्यांना दाबता आलं नाही.

साइजचं स्टिकर पाकिटाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, नखाएवढं. पुढची बाजू कोरी, का तर पाकीट सुबक दिसावं. मीटिंगमध्ये ते डिझाइन पास कोणी केलं होतं? मीच.

“या रॅकवर आधी कोण असायचं?”

“सुनीता. येकेक पाकीट उलटून बघायची. म्हनून तर मागं पडायची.”

मी तिथेच एका खोक्यावर बसले.

त्याच दुपारी किंग साइजला वेगळा रॅक दिला. पाकिटांच्या दर्शनी बाजूला मोठी स्टिकरं लावली, किंगला लाल, डबलला निळं. शनिवारी सरांनी विचारलं, “मग चूक कोणाची?”

“माझी, सर. स्टिकरचीही आणि नियमाचीही.”

ते बराच वेळ बोलले, मी ऐकून घेतलं. मंदाताई राहिल्या. नियम गेला. रिटर्न उतरले.

सुनीता आता कुंभवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला असते. सुटायच्या वेळी तिला गेटवर गाठलं. झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली, परत ये म्हटलं.

“नाय मॅडम, आता हितं बरं हाय. तवा इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

एवढं बोलून ती रिक्षाकडे गेली.

कोण मागे आहे हे डॅशबोर्ड सांगतो. का मागे आहे, ते विचारायला उठून जावं लागतं. माझ्या टेबलापासून रॅक सातपर्यंत चाळीस पावलं आहेत. नंतर मोजली.