दाक्षायणीबाईंच्या चार डिस्क

माणसानं सूड घ्यावा तर दाक्षायणीबाईंसारखा. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधली महेश्वरी. जुळे सोलापुरात आमची दारं समोरासमोर, त्यामुळं सगळं डोळ्यांनी बघितलंय. साठी उलटलेल्या बाईला हे शोभतं का, असं कुणी म्हणेल. शोभतं. चांगलं शोभतं!

बाई सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं होत्या. आपल्या हातून कधी एक कागद गहाळ झाला नाही, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. यजमान धोंडप्पा एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडीवर ड्यूटी लागली की लेकीला, दानेश्वरीला, झोपताना गोष्ट सांगायला घरी नसायचे, म्हणून आधीच टेपवर गोष्ट भरून ठेवून जायचे. अर्धी मराठीत, अर्धी कानडीत, आणि शेवटी तोंडानं घंटी, "टिंग टिंग, चला!" अशा दोनशे गोष्टी. ते वारल्यावर बाईंनी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या टाकून दिल्या.

मग आला शिवानंद. धोंडप्पांचा पुतण्या, कॉम्प्युटरचं दुकान, आणि तोंड एकदा सुरू झालं की बंद होत नाही. त्यानं बाईंना घरचा सर्व्हर करून दिला. काळी पेटी, पुढं चार खण, प्रत्येक खणात एक डिस्क. फोटो, सिनेमे, भजनं, धोंडप्पांच्या गोष्टी, सगळं तिच्यात. टीव्हीवर लावा नाहीतर फोनवर ऐका.

"ऑपरेटिंग सिस्टीम कुठली टाकतोस रे?" बाईंनी विचारलं.

"काकू, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही बटण दाबा की!"

कुठली तरी क्रॅक केलेली सिस्टीम आणि चारही डिस्क एकत्र जोडणारं एक स्वस्तातलं कार्ड घालून गेला. दुसरी कॉपी कुठं ठेवायची म्हटलं तर हसला मेला. म्हणे चार डिस्क असताना कॉपी कशाला.

खंडेनवमीला बाईंच्या घरी हत्यारं पुजतात. धोंडप्पांचा तिकिटाचा पंच, विळी, शिलाई मशीन. त्या वर्षी बाईंनी सर्व्हर बंद केला, चारही डिस्क काढून पाटावर मांडल्या, विभूतीची बोटं ओढली, झेंडूची फुलं वाहिली आणि संध्याकाळी परत बसवल्या. कुठली डिस्क कुठल्या खणातली, हे लिहून ठेवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ठेवलं नाही. पेटी सुरू झाली, पण आतलं काही दिसेना.

शिवानंद आला. स्क्रीनकडं बघितलं, दोन बटणं दाबली, सगळं कोरं करून नव्यानं बसवलं आणि चहा पिऊन गेला. दोनशे गोष्टी पुसल्या गेल्या. वर करकंबपासून अक्कलकोटपर्यंत भावकीत सांगत सुटला, "काकूनं डिस्कला विभूती फासली, मशीन मेलं!" लोक पोट धरून हसले. दानेश्वरी हसली नाही. पुण्याहून फोनवर एवढंच म्हणाली, "आई, बाबांचा आवाज होता गं तो. तुला हात कशाला लावायचा होता?" त्यानंतर दोन वर्षं लेक माहेरी आली नाही.

बाई माझ्याकडं आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "महेश्वरी, याची जिरवायची. आणि लेकीसमोर जिरवायची."

वही आणली. रोज दुपारी लॅपटॉप उघडून वाचन. जुनीच पेटी, पण शिवानंदचं कार्ड उपटून टाकलं आणि सिस्टीम स्वतः निवडायला बसल्या. पहिली लई देखणी होती, पण पैसे मागत होती. दुसरी साधी डेबियन, सगळं हातानं टाइप करायचं. "मी आजारी पडले तर तू करशील का?" म्हणाल्या. मी कोपरापासून हात जोडले. तिसरी ट्रूनॅस. परीक्षा एकच, खंडेनवमीची. डिस्क काढायच्या, पत्त्यांसारख्या पिसायच्या, कुठल्याही खणात घालायच्या. ट्रूनॅस प्रत्येक डिस्कवर आपली खूण लिहून ठेवते, त्यामुळं जागा बदलली तरी ओळखते. बाई म्हणाल्या, "आमच्या कचेरीतल्या गठ्ठ्यांसारखं. पाठीवर नंबर असला की कुठल्याही रॅकवर ठेव." नऊ वेळा पिसल्या, नऊही वेळा फाइली जागच्या जागी. तीच ठेवली. आणि सगळ्याची दुसरी कॉपी माझ्या घरी.

यंदाच्या खंडेनवमीला सगळी भावकी जेवायला बोलावली. थोरले दीर सिद्धप्पा आले, शिवानंद तर मिरवतच आला. दानेश्वरी फोनवर, व्हिडिओ लावून.

"शिवा, आज पूजा तुझ्या हातची. काढ चारही डिस्क."

"काकू, नको की. परत बिघडेल."

"बिघडू दे."

त्यानं काढल्या, विभूती लावली. बाईंनी त्याच्याच हातानं पिसायला लावल्या आणि कशाही घालायला सांगितल्या. पेटी सुरू झाली. टीव्हीवर बाईंनी नव्यानं भरलेला, करकंबच्या एका लग्नाचा व्हिडिओ दिसायला लागला. शिवानंदचा चेहरा बघायला हवा होता!

बाईंनी वही उघडली. "तुझं कार्ड डिस्क ओळखत नव्हतं, खण ओळखत होतं. नुसती जागा चुकली होती. चार डिस्क चार खणांत किती तऱ्हांनी बसतात? चोवीस. चोवीस वेळा बसवून बघितल्या असत्यास तर एकदा जुळलंच असतं. तू किती वेळा बघितलंस?"

तो पेटीची वायर सरळ करायला लागला.

"किती?"

"एकदापण नाही, काकू."

"मग यांचा आवाज कुणी पुसला? विभूतीनं?"

"मी."

"मोठ्यानं बोल. सिद्धप्पांना कमी ऐकू येतं."

"मी पुसला!"

बाईंनी दुसरा मोबाईल पदराखालून काढला आणि रेकॉर्डिंग बंद केलं. इकडं फोनवर दानेश्वरी हमसून हमसून रडत होती. "आई, मी तुलाच बोलले गं. दिवाळीला येते."

सर्व्हरवर 'धोंडप्पा' नावाचा फोल्डर बाईंनी रिकामाच ठेवला होता. आता त्यात एक फाइल आहे, शिवानंदच्या आवाजातली. भावकीतल्या प्रत्येकाच्या फोनवरून ऐकता येते.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "काकू, ती फाइल काढून टाका ना, प्लीज."

बाईंनी मला दाखवून उत्तर टाइप केलं, "चोवीस वेळा विचार, मग बघू."

आत्तापर्यंत तीनदा विचारलंय.