पट्टी पुढे गेलीय, मावशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि माझ्या पोटातलं सगळं तिला कळतं असा तिचा दावा आहे. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही एस्तरमावशीला कधी पाहिलं नाहीत, म्हणून असेल.

सिनेमापासून सुरुवात करतो. ते सोपं जाईल. मुंबईत मी आणि रूबेन — एस्तरमावशीचा मुलगा — शेजारशेजारच्या खोल्यांत वाढलो. सिनेमाला दोघं मिळून जायचो. बाहेर पडताना मी कॉलर वर करून हिरोसारखा चालायचो आणि रूबेन पोट धरून हसायचा. म्हणायचा, "तू हिरो नाय रे. हिरोचा कोट धरून उभा असतो ना, तो तू." मला राग यायचा. पण खोटं काय होतं त्यात? सगळे हसले की मग हसायचं, मोठ्या माणसाची हांजी हांजी करायची — असाच होतो मी.

पुढे आम्ही सगळी ज्यू कुटुंबं इस्राएलला आलो आणि वाळवंटातल्या डिमोनात जाऊन पडलो. मला आणि रूबेनला तिथल्या एका गिरणीत काम मिळालं, एकाच पाळीला. आता — थांबा, हे नीट सांगायला हवं.

मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं मला विड्यांचं बंडल दिलं होतं. कापसाच्या गोदामात विडी ओढू नये हे मला कळत नव्हतं? माझ्या बापाचा जन्म गिरणीत गेला. तरी मी गासड्यांच्या मागे जाऊन ओढली. मी बाहेर आलो आणि मागे एका गासडीनं पेट घेतला. माणसं धावली, आग विझली, कुणाला काही झालं नाही. पण मुकादमाला थोटूक सापडलं. त्यानं ते हुंगलं, पान उलगडून पाहिलं. असली पानाची विडी ओढणारे आम्ही भारतातून आलेलेच, आणि त्या पाळीला आम्ही दोघंच होतो. गोदामातून शेवटी बाहेर पडताना लोकांनी रूबेनला पाहिलं होतं. मला शोधायला आत गेला होता तो.

मुकादमानं त्याला विचारलं. तो म्हणाला, मी नाही. एवढंच. माझं नाव त्यानं घेतलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझी बायको तेव्हा गरोदर होती आणि रूबेनचं लग्न व्हायचं होतं — हा विचार मी उभ्या उभ्या केला, तेही सांगून टाकतो. त्याला कामावरून काढलं. गावात दुसरं कुणी उभं करीना, तेव्हा तो लांब एलात नावाच्या गावी, बंदरावर हमाली करायला गेला. मावशी विधवा. ती एकटी राहिली.

तिला हिब्रू येत नव्हती. तिचा बाजार, तिचा दवाखाना मी करू लागलो. लोक म्हणायचे, पोटच्या पोरासारखं बघतो. माया होती का ती? भीती होती हो — हिला कधी कळेल, कुणाकडून कळेल. तिच्या दारात चार बायका बसलेल्या दिसल्या की विषय काय चाललाय ते मी आधी कान देऊन ऐकायचो.

आणि एका दुपारी मी तिला सिनेमाला नेलं. खिडक्यांना घोंगड्या लावलेली मोठी शेड. सिनेमा फ्रेंच. तेव्हा हिब्रू भाषांतर पडद्याशेजारी एका वेगळ्या पट्टीवर यायचं. एक माणूस ती पट्टी हातानं फिरवायचा, त्यामुळे ती कधी चित्राच्या पुढे जायची, कधी मागे राहायची. मी वाचायचो आणि मावशीच्या कानात मराठीत सांगायचो.

गोष्ट दोन रेल्वेवाल्या मित्रांची. त्यातला एक — काय सांगू तुम्हाला! सगळे हसले की मग हसायचा. साहेब समोर आला की हातातली टोपी गोल गोल फिरवायचा. मीसुद्धा फिरवतो. आधी मला गंमत वाटली. इतके सिनेमे पाहिले, पण पडद्यावर मी पहिल्यांदाच दिसत होतो. मग तो कामावर झोपला. गाडी घसरली, आणि पकडला गेला त्याचा मित्र. मावशी माझं मनगट धरून बसली होती. तिला माझी नाडी लागत असेल का?

कोर्टात जज्जानं विचारलं, कुणाला काही सांगायचंय? तो माणूस बाकावर टोपी फिरवत बसला होता. पट्टी कोरी होती. आणि मी मावशीच्या कानात म्हटलं, "तो कबूल करतोय. चूक माझी म्हणतोय."

"कुठं बोलतोय? तोंड तर मिटलेलं हाय त्याचं."

"पट्टी पुढे गेलीय, मावशी. आता बोलेल."

तो बोलला नाही. पोलिस त्याच्या मित्राला तुरुंगाकडे घेऊन निघाले. मी म्हटलं, सोडायला नेतायत. मावशी पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, "माझ्या रूबेनला असा एकजण भेटला असता तर!" आणि तिनं माझा हात थोपटला.

ती गोष्ट तिनं मग गावभर सांगितली. कुणीतरी म्हणेल, अहो तसं नव्हतं — याची मी रोज वाट पाहायचो.

वल्हांडणाच्या सणाला रूबेन घरी आला. उन्हानं पार करपला होता. मावशीनं चहा टाकला आणि त्याला सिनेमा सांगायला बसली. मी तिथेच होतो. उठून जाता येईना. मध्येच रूबेन म्हणाला, "रेल्वेवाल्यांचा? तो एलातला लागला होता. मी बघितलाय."

मी दाराकडे पाहिलं.

"मग? बोलला ना तो शेवटी?" मावशीनं विचारलं.

रूबेननं माझ्याकडे पाहिलं. गिरणीत पाहिलं होतं, तसंच.

"होय आई," तो म्हणाला. "बोलला."

मावशीला कोण आनंद झाला. तिनं माझ्यापुढे कप ठेवला, साखर बरोबर झालीय का विचारलं. मी म्हटलं, बरोबर झालीय.

तेवढंच बोललो मी. मावशी आता नाही. रूबेन एलातलाच राहिला, परत आला नाही. त्या दिवशी त्याच्यासमोर बसून तो सगळा चहा मी प्यायलो.