खाज आली खिडकीतून

वीस-बावीस वर्षं सासूबाईंनी आपल्या सुनेची ओळख एका वाक्यात उरकली होती. "ही कॉलेजात नोकरीला आहे." पुढे कुणी "काय शिकवते?" असं विचारलंच, तर त्यांना एकदम गॅसवर ठेवलेल्या दुधाची आठवण व्हायची.

सून शिकवत नव्हती. शेती-महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून जाणाऱ्या बोळाच्या टोकाला एक खोली होती, आणि त्या खोलीत ती माइट पकडून काचेवर बसवायची. माइट म्हणजे कोळ्यांच्या कुळातले आठ पायांचे जीव. फरक एवढाच, की कोळी दिसला की माणूस किंचाळतो, आणि माइट अंगावरून चालत गेला तरी पत्ता लागत नाही. सून त्यांना आठपाये म्हणायची. कॉलेजात तिला सगळे भिंगकाकू म्हणायचे, कारण गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग ती फक्त झोपताना काढायची.

ती तिथे लागली होती काचेची भांडी धुवायला. त्याआधी कपड्यांच्या दुकानासाठी भरतकाम करायची. ते दुकान बंद पडलं. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात एके दुपारी विभागाचे सर घामाघूम होऊन एका माइटच्या मागे लागले होते. एका केसाच्या ब्रशाने तो उचलायचा, औषधाच्या थेंबात उताणा न पडू देता ठेवायचा, आणि पाय नीट पसरले की वरून पातळ काच झाकायची. सरांनी सात आठपाये चिरडले. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "सर, मी बघू का? सुईत दोरा ओवण्यापेक्षा काय वेगळं असणार?"

आठवा नीट बसला. सरांनी भिंगातून पाहिलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. त्या खुर्चीवरून ती पुढे उठली ती फक्त जेवायला आणि घरी जायला.

आता त्या खोलीतल्या कपाटांत चौदा हजार काचपट्ट्या होत्या, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर तिच्या हाताचं अक्षर होतं. एका खणात पानांमागे जाळं विणून रस पिणारे लाल कोळी. दुसऱ्यात चारच पाय असलेले, गाजरासारखे निमुळते, ज्यांच्या चाव्याने पानांवर फोडांसारख्या गाठी येतात. मधमाश्यांच्या पाठीवर बसून पोळंच्या पोळं संपवणारे तपकिरी, बशीसारखे. कुत्र्याला लूत आणणारे, माणसाला खरूज आणणारे. गादीतल्या धुळीवर जगणारे. आणि एक अख्खं कपाट मातीतल्यांचं. चिलखत घातल्यासारखे हे चकचकीत जीव कुणाच्या अध्यात ना मध्यात, कुजका पालापाचोळा खाऊन मातीची माती करतात. "सगळे वाईट नसतात हो," काकू नव्या विद्यार्थ्यांना सांगायची. "काही तर आपल्यापेक्षा कामाचे."

हे ती उगाच बोलत नव्हती. एकदा कॉलेजच्या काचघरात ढोबळी मिरचीवर लाल कोळी पडला. फवारणी झाली, कोळी आठ दिवस गायब झाला आणि दुपटीने परत आला. दुसऱ्या फवारणीची तयारी चालली होती, तेवढ्यात काकू पानं घेऊन सरांकडे गेली. "सर, यात दोन जातीचे आहेत. लाल आहेत ते मुंगीच्या पावलांनी चालतात. हे फिकट बघा, पळत सुटलेत. पळतंय कोण? ज्याला शिकार करायचीय तो. फवारा आपण चोरावर मारतोय आणि मरतोय शिपाई." फवारणी थांबली. तीन आठवड्यांत फिकट शिपायांनी लाल चोरांचा फडशा पाडला. तेव्हापासून सर कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी विचारायचे, "काकूंनी पाहिलंय का?"

घरी मात्र तिच्या कामाची किंमत साबणाच्या वडीत मोजली जायची. कामावरून आली की आधी अंघोळ, मग स्वयंपाकघर, हा सासूबाईंचा कायदा. तिने एकदाच कौतुकाने सांगितलं होतं की आपल्या पापण्यांच्या मुळाशीसुद्धा आठपाये राहतात, सगळ्यांच्याच, काही त्रास देत नाहीत बिचारे. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत आणि आठवडाभर डोळे चोळत राहिल्या. नवरा बस-डेपोत मेकॅनिक, तो हसून म्हणायचा, "मी ग्रीस घेऊन येतो, ही जनावरं घेऊन येते. आई, तुझं नशीबच थोर!"

अशात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून चालता येईपर्यंत त्यांना एका शुश्रूषागृहात ठेवलं. आठ खाटांची लांबट खोली, पाचवी खाट खिडकीशी. सकाळपाळीची आयाबाई पन्नाशीची, मजबूत हातांची. तिनेच सासूबाईंना पहिल्यांदा उभं केलं. "आजी, माझ्याकडे बघायचं, जमिनीकडे नाही," असं म्हणत पहिली चार पावलं चालवली. सासूबाईंना सुनेपेक्षा तिचा लळा लागला.

चौथ्या आठवड्यात त्या खोलीत खाज सुरू झाली. आधी सासूबाईंना, मग चौथ्या आणि सहाव्या खाटेवरच्या बायकांना. लाल पुरळ, आग, पहाटे झोपमोड. शुश्रूषागृहाच्या डॉक्टरांनी निदान केलं, खरूज. खोलीतल्या सगळ्यांनाच गळ्यापासून तळव्यांपर्यंत मलम लावलं, चादरी उकळल्या. आठ दिवसांनी पुन्हा मलम, पुन्हा चादरी. खाज जैसे थे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आयाबाईंच्याही हातांवर पुरळ आहे. झालं! "हिनेच आणली घरून." व्यवस्थापकांनी तिला दुसऱ्याच दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

रविवारी काकू भेटायला गेली तेव्हा सासूबाईंचे डोळे सुजलेले होते.

"तिला काढलं गं. जाताना माझ्या पाया पडली, म्हणाली, आजी, मी रोज दोनदा अंघोळ करते. खरूज म्हणजे काय ते मला माहीत नाही का?" मग पदराने डोळे टिपून त्या जरा घुटमळल्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "तुझं ते भिंग आणलंयस ना? बघ ना जरा."

काकूने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मनगटं, कंबर. खरजेचा जीव कातडीत बारीक बोगदे करतो; इथे एकही बोगदा नव्हता. पुरळ होतं मानेवर, खांद्यांवर, दंडांवर, म्हणजे जिथे जिथे कपडा नव्हता तिथे. तिने चौथ्या आणि सहाव्या खाटेवरच्या बायकांना विचारून त्यांचेही हात पाहिले. तसंच. मग ती दाराजवळच्या पहिल्या खाटेपाशी गेली. "आजी, तुम्हाला खाज?"

"छे बाई. मलमाने उलट कातडी मऊ झालीय!"

काकू परत खिडकीशी आली. "आई, आयाबाई सकाळी कुठे बसायच्या?"

"इथेच. या खिडकीखाली स्टुलावर. आल्या आल्या ताप-बीप वहीत लिहायच्या."

काकूने खिडकीची पांढऱ्या रंगाची चौकट न्याहाळली. रंगावर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके होते. तिने श्वास रोखून पाहिलं. एक ठिपका चालायला लागला. मग दुसरा. खिडकीच्या वर जुन्या एक्झॉस्ट पंख्याचं भोक होतं. पंखा केव्हाच काढलेला, जाळी एका कोपऱ्यात फाटलेली, आणि तिथून वाळक्या काड्यांची टोकं बाहेर डोकावत होती.

"आई, इथे कबुतरं होती का?"

"होती म्हणजे? दोन पिल्लं होती. दिवसभर चिवचिव. महिना झाला उडाली त्याला. आता शांत आहे."

काकूने पर्समधून चिकटपट्टी काढली, चौकटीवर दाबून दाबून उचलली, आणि स्पिरिटच्या छोट्या बाटलीत केसाच्या ब्रशाने दहा-बारा ठिपके सोडले. तेवढ्यात व्यवस्थापक आले.

"बाई, हे काय चाललंय?"

"खाज कुठून येतेय ते बघतेय."

"ते आमच्या डॉक्टरांनी पाहिलंय. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही," काकू बाटलीचं बूच लावत म्हणाली. "मी काचपट्ट्या बनवते. उद्या दुपारी येते. तोपर्यंत एवढं करा, या तीन खाटा खिडकीपासून लांब घ्या. त्याला काही डॉक्टर लागत नाही."

व्यवस्थापकांनी खाटा हलवल्या नाहीत. पण पहिल्या खाटेवरच्या आजी भल्या खमक्या. त्यांनी दोन परिचारिकांना हाताशी धरून संध्याकाळच्या आत स्वतः देखरेख करून हलवून घेतल्या.

सोमवारी सकाळी सात वाजता काकूने कॉलेजातल्या खोलीचं कुलूप उघडलं. आठपाये आधी पारदर्शक करून घेतले, मग एकेक थेंबात बसवला. हात नेहमीसारखेच होते, स्थिर. सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि तिने खुर्चीला पाठ टेकली. खरजेचा जीव गोल, आखूड पायांचा, कासवासारखा. हा लांबट, लांब पायांचा, पाठीवर एक ढाल, आणि तोंडाशी दोन सुया, शिंप्याच्या सुईपेक्षा सरळ. पोटात काळपट लाल रक्त. पाखरांच्या घरट्यातला आठपाया. पिल्लं होती तोवर त्यांच्यावर जगत होता. पिल्लं उडाली, उपाशी पडला, आणि भोकातून उतरून मिळेल त्या उबदार कातडीकडे निघाला.

सर आले. तिने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. सर बराच वेळ वाकून राहिले. मग खणातून जुनी पट्टी काढून शेजारी लावून पाहिली.

"कबुतराचं घरटं?"

"खिडकीच्या वर. महिन्यापूर्वी पिल्लं उडाली."

"काकू, लिहायला घ्या." त्यांनी विभागाचा कागद पुढे केला. अहवालाच्या तळाशी दोन जागा होत्या. 'विभागप्रमुख' इथे त्यांनी सही केली. 'ओळख पटवणारे' ही जागा गेली तीस वर्षं त्यांचीच होती. त्यांनी पेन तिच्या हातात दिलं.

दुपारी ती रिक्षातून शुश्रूषागृहात पोचली, मांडीवर प्रवासातला जुना सूक्ष्मदर्शक लेकरासारखा धरून. डॉक्टर आले होते. तरणेबांड, थकलेले. काकूला वाटलं होतं, आता वाद होणार. पण त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग खिडकीपाशी जाऊन मान वर करून फाटक्या जाळीकडे बघत राहिले.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ते म्हणाले. "मी तीन आठवडे हातच तपासत होतो. वर बघितलंच नाही. काकू, आता करायचं काय?"

"घरटं काढा, पण हातमोजे घालून. भोक बुजवा. चौकटीच्या फटी व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि मग पुसा. माणसांच्या रक्तावर यांचा संसार चालत नाही. घरटं गेलं की हेही गेले." ती व्यवस्थापकांकडे वळली. "आणि आयाबाईंना बोलवा. घरी निरोप पाठवून नाही. इथे, या खोलीत, सगळ्यांसमोर सांगा त्यांना."

व्यवस्थापक काहीतरी पुटपुटले. डॉक्टर म्हणाले, "चूक माझी, मीच सांगतो."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "मला दाखवा की! चावला मला आणि बघताय तुम्ही!"

डॉक्टरांनी स्वतः सूक्ष्मदर्शक खाटेजवळच्या टेबलावर ठेवला. सासूबाईंनी एक डोळा मिटला, मग दुसरा, शेवटी जमलं. खोलीतल्या सगळ्या बायका माना उंचावून बघत होत्या.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "पायांना नखंसुद्धा आहेत की!" आणि मग डोळा न काढताच, जरा हळू आवाजात, "एवढासा जीव तू न मोडता उचललास? कसा गं?"

"भरतकामाचा हात आहे, आई."

सासूबाईंनी मान वर केली, आणि डॉक्टरांकडे, व्यवस्थापकांकडे, सातही खाटांकडे असं आळीपाळीने पाहिलं, जणू सगळे उशिरा पोचलेत. "ही माझी सून," त्या म्हणाल्या. "जगात आठ पायांचं जे जे काही फिरतं, ते ही ओळखते. झाडावरचं, जनावरावरचं, माणसावरचं. नऊ हजार ओळखलेत आतापर्यंत. तुमच्यापैकी कुणी नऊ माणसं तरी ओळखतं का धड?"

काकू आयुष्यात पहिल्यांदा लाजली. तिने हिशेब दुरुस्त केला नाही, की नऊ हजार पट्ट्या म्हणजे नऊ हजार जाती नव्हेत. राहू दे, असं मनाशीच म्हणाली.

घरटं निघालं, भोक बुजलं. नवव्या दिवशी खोलीत कुणी खाजवत नव्हतं. आयाबाई आल्या तेव्हा डॉक्टरांनी खोलीच्या मधोमध उभं राहून माफी मागितली. आयाबाईंनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या, आणि सरळ पाचव्या खाटेशी येऊन हात पुढे केला. "चला आजी. नुसत्या लोळल्यात ना इतके दिवस? आज दारापर्यंत." त्या दारापर्यंत गेल्या, आणि परतही आल्या.

त्यानंतर शहरातल्या आणखी दोन शुश्रूषागृहांतून काकूला बोलावणं आलं, परिचारिकांना खरूज आणि घरट्यातला आठपाया यांतला फरक दाखवायला. नवरा डेपोत सगळ्यांना सांगत सुटला, "मूर्ती लहान पण कीर्ती महान! माइटची म्हणतोय मी, बायकोची नाही, ती ऐकेल!"

घरी आल्यावर सासूबाईंनी एका सकाळी सुनेला डबा भरताना थांबवलं.

"ती काच ठेवलीस ना कपाटात? माझ्या खिडकीतली?"

"ठेवली की."

"तिच्यावर काय लिहिलंयस?"

"जात, तारीख, जागा. आणि कुणाच्या अंगावर सापडला, त्या जागी 'कबुतर' आणि 'माणूस'."

"माणूस?" सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "कुठला माणूस? तीन आठवडे मी सोसलं. नाव लिही माझं. पूर्ण लिही, माहेरच्यासकट."

काकूने डबा पिशवीत ठेवला, पेन काढलं आणि माहेरच्या नावात वेलांटी पहिली की दुसरी, ते विचारून तळहातावर लिहून घेतलं.