काविळीची माळ
यकृत निकामी झालेल्या रुग्णावर वाकलो की त्याच्या श्वासातून गोडसर, कुबट वास येतो आणि मला रेणापूरचं आमचं घर आठवतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस नव्हता, विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी आम्ही पीत होतो. थोरल्या बहिणीला, आक्काला, कावीळ झाली. गावातल्या एका म्हाताऱ्यानं कसल्याशा झाडाच्या मुळ्यांना दोऱ्याचे वेढे देत माळ केली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. माळ लांबत खाली आली की कावीळ उतरते, असं सगळे मानत. त्या कोरड्या हवेत मुळ्या सुकून बारीक होत, वेढे सैल पडून माळ आपोआप लांबे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी माळ बेंबीपर्यंत आली. आक्का मात्र दिवसभर झोपून असायची आणि माझं नाव विसरायची. माय म्हणाली, "तू डॉक्टरकी शिकायलास. लातूरला न्यावं का हिला?" मी पहिल्या वर्षाला होतो. आक्काच्या तोंडाचा वास मला आला होता, तो मुळ्यांचाच वाटला. मी माळेकडे बघून म्हणालो, "कशाला? उतरायलीय की." माळ गुडघ्यापर्यंत आली त्या सकाळी आक्का उठलीच नाही. यकृत प्रत्यारोपणावर माझे पुष्कळ लेख छापून आलेत. यकृत निकामी झालंय हे रिपोर्ट यायच्या आधी तुम्हाला कसं कळतं, असं विद्यार्थी विचारतात. अनुभव, एवढंच मी सांगतो.