गौरीच्या मागचा आरसा

चैत्रात आमच्या आळीतल्या बायका एकमेकींच्या बैठकीच्या खोल्या बघायला जात. निमित्त हळदीकुंकवाचे असे. एरवी पुरुषांची असलेली ती पुढची खोली त्या दुपारी बायकांच्या ताब्यात येई. पायऱ्यांची आरास मांडून वर गौर बसवीत, खाली चैत्रांगण काढीत आणि आलेल्या बाईच्या हातात आंब्याची डाळ व पन्हे देत.

ज्या घरी बसलेले असू, त्या घरी मत द्यायचे नसे. तिथे सगळ्या ‘छान मांडलंत हो’ एवढेच म्हणत. मत पुढच्या घरी दिले जाई. मग दिवेलागणीपर्यंत ते पहिल्या घरी येऊन पोचे, बहुधा भांडी घासणाऱ्या बाईच्या तोंडून.

वकिलीणबाईंचे मत अखेरचे मानीत. रत्नागिरीत फार थोड्या घरी कोच होते, त्यांतला एक त्यांच्याकडे होता. छताला रंगीत काचेच्या हंड्या होत्या. मास्तरीणबाईंनी एका वर्षी नव्या खुर्च्या ओळीने मांडल्या, तेव्हा वकिलीणबाई आमच्या घरी येऊन म्हणाल्या, “खुर्च्या मांडल्या की दिवाणखाना होतो थोडाच? शाळा होते.” पुढच्या चैत्रात मास्तरीणबाईंकडे जाजम होते. खुर्च्या पुन्हा दिसल्या नाहीत.

माझा थोरला भाऊ मुंबईला एका पेढीवर कारकून होता आणि खाणावळीत जेवत होता. लग्नानंतर वहिनी आमच्याकडेच राहिली. त्या साली गिरगावात त्याला एक खोली मिळाली. पावसाळ्यापूर्वी आगबोटी बंद होतात, त्याच्या आत हिला पाठवा, नाहीतर खोली धरून ठेवता येणार नाही, असे त्याने कळवले. वडिलांनी तो निर्णय आईवर सोडला. आईने तो चैत्रगौरीवर सोडला.

“यंदा गौर हिला मांडू दे,” ती म्हणाली. “घर मांडता येतं का बघू. बायका काय म्हणतात ते बघू. मग पाठवू.”

वहिनी देवरुखाकडची. तिला अठरावे सरले होते. त्या दिवसापासून तिने दुसऱ्या कशाचा विचार केला नाही. आमची बैठकीची खोली अंधारी होती. भिंती जांभ्याच्या, वळचणी खाली उतरलेल्या, भर दुपारीही आत संध्याकाळ वाटे. वहिनीने ट्रंका आणि पाट रचून पायऱ्या केल्या आणि त्यांवर आईचा शालू पसरला. माहेरून आणलेले मण्यांचे पोपट दोन बाजूंना ठेवले. परातीत पाणी घालून तळे केले आणि त्याच्या काठाला बंदरावरून वेचून आणलेले शिंपले लावले. डोंगराकडच्या मुलीला शिंपल्यांचे अप्रूप होते. अंधारावर उपाय म्हणून तिने वडिलांच्या खोलीतला मोठा आरसा काढून आणला आणि गौरीच्या मागे भिंतीला टेकवून उभा केला. समया लावल्यावर प्रत्येक ज्योतीच्या दोन झाल्या. खोली दुप्पट खोल दिसू लागली. मी तसे काही तोवर पाहिले नव्हते. आईनेही पाहिले आणि ती काही बोलली नाही. आईच्या बाबतीत ही पसंती होती.

हे सगळे वहिनीने माजघराचे दार लोटून केले होते. धूर पुढे येऊ नये म्हणून ते दार बंद असे.

माजघराच्या मागे स्वयंपाकघर होते आणि स्वयंपाकघरात आत्या होती. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. बालपणीच विधवा झालेली, केशवपन केलेली, तांबड्या आलवणातली. हळदीकुंकवाच्या दिवशी तिने बायकांच्या दृष्टीस पडायचे नसे. डाळ तिनेच वाटलेली असे, पन्हेही तिचेच. आळीत आमच्या घरची डाळ प्रसिद्ध होती आणि बायका ती मागून घेत. वाटणारी मात्र दिसायची नाही, एवढाच नियम होता. आत्या तो नियम न सांगता पाळत आली होती.

त्या दुपारी बायका आल्या, गौरीकडे तोंड करून बसल्या. वकिलीणबाईंनी शिंपल्यांकडे बोट केले.

“हे कुठले गो? बंदरावरचे?”

“हो,” वहिनी म्हणाली.

“धुतलेस ना? नाहीतर गौर म्हणायची, मला कोळीवाड्यात कुठे आणून बसवलंत.”

बायका हसल्या. वहिनीही हसली. पण आरशाकडे पाहून वकिलीणबाईंनी मान डोलावली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “मुलीला नजर आहे हो.” मी आईकडे पाहिले. तिने पदर सारखा केला. त्या क्षणी वहिनी मुंबईला गेली असे धरायला हरकत नव्हती.

मग डाळ आणायची वेळ झाली. ताटे नेणाऱ्या बायकांच्या हातात काही ना काही होते, त्यामुळे माजघराचे दार उघडे राहिले. पलीकडचे स्वयंपाकघराचे दार त्याच्या अगदी समोर होते. आरसा त्या दोन्ही दारांसमोर उभा होता. वहिनी पायऱ्यांच्या बाजूला होती, तिथून तिला आरशातली समई तेवढी दिसत होती. समोर बसलेल्या बायकांना गौरीच्या डोक्यावर, दोन पोपटांच्या मधोमध, चुलीपाशी बसलेली आत्या दिसली. उकाड्याने तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला होता आणि ती मानेचा घाम पुशीत होती.

वहिनी पुढे येऊन, आरशाकडे पाठ करून, वकिलीणबाईंना कुंकू लावू लागली. त्यांनी कपाळ मागे घेतले.

“यंदा गौरीला सोबत आणलीत वाटतं,” त्या म्हणाल्या.

वहिनीने मागे वळून पाहिले. तिला कळायला वेळ लागला.

“आरसा चांगला आहे हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सगळं घर दाखवतो.”

“आमच्याकडे खुर्च्याच बऱ्या होत्या म्हणायच्या,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी इतकी वर्षे थांबून हे वाक्य मिळवले होते. हसणे बराच वेळ चालले. मत पुढच्या घरापर्यंत नेण्याची त्या दिवशी कोणालाच गरज वाटली नाही.

“वन्सं, दार लावा,” वहिनी मला म्हणाली. मी दार लावले. आत्याला काही कळले नव्हते. तिने मला विचारले, “आणखी डाळ हवी काय गो?”

हवी होती. बायकांनी डाळ मागून घेतली.

संध्याकाळी आईने आरास उतरायला सांगितली. “एक खोली मांडायला दिली, ती अशी,” ती म्हणाली. “तिथे एका खोलीतच सगळा संसार. तिथे काय दिवे लावणार? पुढच्या चैत्रापर्यंत शीक, मग बघू.” आवाज चढलेला नव्हता. वडील ओटीवर होते. त्यांनी ऐकले आणि पानाचा डबा उघडला.

वहिनी स्वयंपाकघरात गेली. “तुम्हाला नेमकं तेव्हाच समोर यायचं होतं?” तिने आत्याला विचारले.

“मी कुठे आले? मी चुलीपाशीच होते.”

“डोक्यावरचा पदर तरी नीट घ्यायचा.”

आत्याने पदर पुढे ओढला. तोपर्यंत त्या घरात आत्याला टाकून बोलणारी आई एकटीच होती. त्या दिवसापासून दोघी झाल्या.

वैशाख गेला. शेवटची आगबोट गेल्याचा भोंगा आम्ही घरात बसून ऐकला. वहिनी तेव्हा पापड वाळत घालत होती आणि तिने हात थांबवला नाही. पावसाळ्यात भावाचे पत्र आले. खोली पेढीवरच्या दुसऱ्या कारकुनाला दिली होती. त्याची बायको गणपतीनंतरच्या पहिल्या बोटीने येणार होती. भाऊ पुन्हा खाणावळीत जेवत होता आणि दुसऱ्या खोलीचा विचार तूर्त नाही, असे त्याने लिहिले होते.

पत्र वडिलांनी वाचून दाखवले. वहिनी उठून आत गेली. आत्या तांदूळ निवडत होती.

“तुमच्यामुळे,” वहिनी म्हणाली.

“हो गो,” आत्या म्हणाली, आणि तिने सूप वहिनीला बसायला जागा व्हावी म्हणून थोडे बाजूला घेतले. वहिनी बसली नाही. तिने आत्याचा पाट पायाने मागच्या दारापर्यंत सरकवला आणि म्हणाली, “उद्यापासून तिथे बसत जा. इथे अंधार पडतो.”

आईने हे ऐकले. ती म्हणाली, “आता हिला घर कळायला लागलं.”